नाकेबंदीची झडती

भिलाईला समुद्र नाही, पण भिलाईच्या झोतभट्ट्या समुद्रावरही जगतात. लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येते. कोकिंग कोळशाचा मोठा भाग मात्र परदेशातून जहाजाने विशाखापट्टणमला उतरतो आणि मालगाड्यांनी पूर्व घाट ओलांडून इथे पोहोचतो. ते बंदर काही महिने बंद पडले तर शेकडो किलोमीटर आत वसलेल्या या शहराचा श्वास कोंडेल. पोलादाचे नुकसान रुपयांत मोजता येते, आणि कोळशाला दुसरे बंदर शोधता येते. पण ज्या प्रदेशात पीठ, औषध, डिझेल आणि सिमेंट यांतले काहीही बाहेरूनच यायचे आणि बाहेरच्या बहुतेक वाटांची किल्ली एकाच हातात असायची, तिथे वाट बंद होणे म्हणजे काय? गाझापट्टी ही ३६५ चौरस किलोमीटरची, म्हणजे भिलाई ज्यात आहे त्या आजच्या दुर्ग जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान जागा. तिथे वीस लाखांहून अधिक माणसे राहतात. किनारा सुमारे ४१ किलोमीटरचा आहे, आणि त्या किनाऱ्यावर इस्रायलच्या परवानगीशिवाय बाहेरचे जहाज लागू शकत नाही. अशा बंद किनाऱ्यांकडे धान्य-औषधे घेऊन निघणारी, कोणत्याही सरकारने न पाठवलेली माणसे हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यांचे कौतुक करणारे त्यांना अन्नदाते मानतात आणि टीकाकार त्यांना प्रसिद्धीचे भुकेले म्हणतात. दोघेही बोटीत माल किती होता यावरूनच बोलतात. माझे म्हणणे असे, की अशी बोट ही मुख्यतः नाकेबंदीची झडती असते. नाकेबंदी करणारा जो दावा करतो तो खरा की खोटा, हे ती तपासते. आणि ही तपासणी करण्याचा नैतिक अधिकार तिला मिळतो तो तिच्यामागे कोणतेही सैन्य उभे नसते म्हणून.

आधी दावा काय असतो ते पाहू. नाकेबंदी हे युद्धातले जुने आणि कायद्याने मान्य केलेले शस्त्र आहे. १९०९ च्या लंडन जाहीरनाम्यात तिचे नियम सविस्तर लिहिले गेले: ती जाहीर झाली पाहिजे, प्रत्यक्षात पाळली गेली पाहिजे आणि सर्व देशांच्या जहाजांना सारखी लागू झाली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात माणसांच्या पोटाचा विचार आला. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने औषधे आणि लहान मुले व गर्भवतींसाठीचे अन्न यांना वाट देण्याचे बंधन घातले. १९९४ मध्ये सान रेमो इथे तज्ज्ञांनी सागरी युद्धाच्या नियमांची जी पुस्तिका तयार केली, तिने आणखी स्पष्ट सांगितले, की केवळ नागरिकांना उपाशी मारण्यासाठी नाकेबंदी करता येणार नाही आणि लोकांना अन्न पुरत नसेल तर तपासणी करून मदत आत सोडावी लागेल. म्हणजे प्रत्येक नाकेबंदी करणारा जगापुढे दोन वाक्ये उच्चारत असतो. आम्ही शस्त्रे अडवतो, हे पहिले. लोकांना लागेल ते पोहोचू देतो, हे दुसरे. पहिले वाक्य तपासायला आरमार आहे. दुसरे तपासायला मात्र कोणीच नेमलेले नसते, कारण लोकांना किती लागते हे ठरवणारा अधिकारी नाकेबंदी करणाऱ्याच्याच कचेरीत बसलेला असतो.

हा अधिकारी कसा विचार करतो याचा लेखी पुरावा आहे. जून २००७ मध्ये गाझाचा ताबा हमासकडे गेल्यावर इस्रायलने जमिनीवरचे मार्ग आवळले. जानेवारी २००८ मध्ये इस्रायलच्या संरक्षण खात्याने एक टिपण तयार केले. गाझातल्या माणसाला दिवसाला सरासरी २,२७९ कॅलरी लागतात असा हिशेब मांडून रोज किती ट्रक सोडावे लागतील हे त्यात काढले होते. गिशा या इस्रायली मानवाधिकार संस्थेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केल्यावर २०१२ मध्ये ते बाहेर आले. तो कच्चा मसुदा होता, धोरण म्हणून वापरला नाही, असे सरकारचे उत्तर होते. ते मान्य केले तरी मुद्दा राहतोच. त्या वर्षांत कोणता माल आत जाऊ शकतो याची यादी होती आणि यादीत नसलेले सगळे बंद होते. कोथिंबीर, जाम, चॉकलेट यांच्यासारख्या वस्तूही अडत होत्या. कोथिंबिरीपासून रॉकेट बनत नाही. दुसरे वाक्य खरे नाही, हे ती यादीच सांगत होती. फक्त ती यादी बाहेरच्या जगात कोणी वाचत नव्हते.

आता मालाचा हिशेब करू, आणि तो बोटींच्या बाजूने मुळीच लागत नाही हे मोकळेपणाने मान्य करू. ऑगस्ट २००८ मध्ये ‘फ्री गाझा’ आणि ‘लिबर्टी’ या दोन लहान बोटी सायप्रसच्या लार्नाकाहून निघून गाझाला पोहोचल्या. चाळीसहून अधिक वर्षांत तिथे लागलेल्या या पहिल्या परदेशी बोटी होत्या. त्यांत चव्वेचाळीस माणसे आणि थोड्या सामानासोबत कर्णबधिर मुलांसाठी श्रवणयंत्रे होती. मे २०१० मध्ये ‘मावी मारमारा’सह निघालेल्या सहा जहाजांच्या ताफ्यात सुमारे दहा हजार टन माल होता; ट्रकांत मोजला तर साधारण पाच-सहाशे ट्रक. २०२३ च्या युद्धापूर्वी एवढे ट्रक गाझात एका कामकाजाच्या दिवशी जात होते. म्हणजे नागरिकांच्या चळवळीने उभारलेला हा मोठा ताफा पोहोचला असता तरी तो एका दिवसाचा पुरवठा ठरला असता. आणि सरकारांनी समुद्रमार्ग वापरला तेव्हाही चित्र फारसे निराळे नव्हते. २०२४ च्या मे ते जुलै या काळात अमेरिकेने गाझाच्या किनाऱ्यावर सुमारे २३ कोटी डॉलर खर्चाचा तरंगता धक्का उभारला. लाटांनी तो वारंवार मोडला आणि जेमतेम वीस दिवस चालून तो गुंडाळला गेला. ज्यांना पोटे भरायची आहेत त्यांनी जमिनीवरचे नाके उघडून घ्यावेत. समुद्र हा त्याला पर्याय नाही. मग बोटी कशाला? या प्रश्नाचे उत्तर गाझात शोधण्याआधी आपल्याच घरात शोधता येते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ हे जहाज मुंबईहून निघाले तेव्हा त्यावर पाच भारतीय डॉक्टर होते. नेतृत्व डॉ. अटल यांच्याकडे होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर, आणि बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी असे बाकीचे चौघे. हे पथक राष्ट्रीय काँग्रेसने पाठवले होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते आणि लोकवर्गणीतून पैसे, औषधे व एक रुग्णवाहिका गोळा झाली होती. जपानने चीनवर आक्रमण करून ऑगस्ट १९३७ पासून चिनी जहाजांना किनारा बंद केला होता. तटस्थ देशांच्या जहाजांना त्यातून वगळले होते, म्हणून पथक ब्रिटिशांच्या हाँगकाँगमार्गे कँटनला उतरू शकले. थोड्याच आठवड्यांत, २१ ऑक्टोबरला, कँटन जपान्यांच्या हाती पडले आणि ती वाटही मिटली. कोटणीस यांची कथा मराठी घरांत शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटातून पोहोचली आणि त्यागाची कथा म्हणून राहिली. पण तिच्याकडे नाकेबंदीच्या बाजूने पाहिले तर वेगळेच दिसते. चाळीस कोटींहून मोठ्या देशाला पाच डॉक्टर! मालाच्या तराजूत ही मदत शून्याजवळ भरते. तरी तिचे वजन होते, कारण चीनला एकटे पाडता येईल हा जपानचा हिशेब होता आणि स्वतः पारतंत्र्यात असलेल्या एका देशातले लोक तो हिशेब चुकवायला निघाले होते. त्यांच्यामागे ना आरमार होते, ना परराष्ट्र खाते. जपानला त्यांच्यावर ‘भारताची चाल’ असा आरोप करता आला नसता, कारण चाल खेळायला भारत सरकार म्हणून त्यांच्यामागे कोणी नव्हतेच. चिन्यांनाही उद्या हे लोक बदल्यात काय मागतील, ही धास्ती नव्हती. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरमध्ये, बत्तिसाव्या वर्षी, हबेई प्रांतातल्या एका खेड्यात वारले तेव्हा ते तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख होते.

याच्या शेजारी सरकारने पाठवलेली मदत ठेवून पाहावी. १९८७ च्या आरंभी श्रीलंका सरकारने जाफनावर इंधनासह अनेक वस्तूंची बंदी घातली होती, आणि मेअखेर वडमराच्ची भागात लष्करी मोहीम सुरू झाली. ३ जूनला रामेश्वरमहून रेडक्रॉसच्या झेंड्याखाली १९ मासेमारी बोटी अन्न-औषधे घेऊन निघाल्या. श्रीलंकेच्या आरमाराने त्यांना वाटेत अडवले आणि त्या परतल्या. गोष्ट इथे संपली असती तर जगाने तिला निःशस्त्र मदत म्हटले असते. पण बोटींमागे भारत सरकार होते. दुसऱ्याच दिवशी ए. एन. ३२ मालवाहू विमानांनी, मिराज २००० लढाऊ विमानांच्या संरक्षणात, जाफनावर सुमारे २५ टन सामान टाकले. २९ जुलैला राजीव गांधी-जयवर्धने करार झाला, पाठोपाठ शांतिसेना उतरली, आणि मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर सुमारे बाराशे भारतीय जवान आणि कितीतरी तमिळ नागरिक गेले होते. बोटी ते विमाने हा प्रवास एका दिवसाचा, आणि विमाने ते सैन्य हा दोन महिन्यांहूनही कमी. जाफनावरची मोहीम थांबली आणि पुढे मदतीला वाटही मिळाली, हे खरे. पण त्या दिवसापासून प्रश्न जाफनाच्या भुकेचा राहिला नाही. तो श्रीलंकेच्या सार्वभौमत्वाचा झाला. सरकारी मदतीला मागे काहीतरी जोडलेले असते. ते नेहमीच वाईट असते असे नाही. भिलाईचा कारखानाच २ फेब्रुवारी १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभा राहिला. अडीच टक्के व्याज आणि बारा वार्षिक हप्ते ही त्याची अट उघड लिहिलेली होती, आणि शीतयुद्धातला मित्र जोडण्याचा न लिहिलेला हेतूही सर्वांना माहीत होता. कारखान्याच्या बाबतीत असा व्यवहार चालतो. वेढलेल्या माणसाच्या तोंडच्या घासाला मात्र असा हेतू चिकटला, की वेढा घालणाऱ्याला घास अडवायला सबळ कारण मिळते.

बोट पोहोचणे आणि बोटीने काही बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे २०१० च्या एकाच वर्षात दिसले. ३१ मेच्या पहाटे इस्रायली कमांडो ‘मावी मारमारा’वर उतरले, किनाऱ्यापासून सत्तरहून अधिक सागरी मैलांवर. नऊ जण मारले गेले. दहावा जखमी काही वर्षांनी वारला. ताफ्यातले एकही जहाज गाझाला लागले नाही. पण तीन आठवड्यांत, २० जूनला, इस्रायलने जमिनीवरचे नियम बदलले: कोणत्या वस्तू चालतील याची यादी रद्द करून कोणत्या चालणार नाहीत याची यादी लावली. वरवर पाहता हा कारकुनी फेरफार आहे. पण आधी प्रत्येक वस्तूला आत जाण्यासाठी कारण द्यावे लागत होते, आता ती अडवणाऱ्याला कारण द्यावे लागणार होते. दहा हजार टनांनी जे साधले नसते ते या बदलाने काही प्रमाणात साधले. त्याच वर्षी २ डिसेंबरला दिल्लीच्या राजघाटावरून ‘आशिया ते गाझा’ ऐक्य यात्रा निघाली. मुंबईचे फिरोज मिठीबोरवाला तिच्या संयोजकांत होते, नागपूरचे डॉ. सुरेश खैरनार तिच्यात सामील होते. इराण, तुर्कस्तान, सीरिया असा खुष्कीचा प्रवास करून सामान लताकिया बंदरातून इजिप्तच्या अल-अरिशला गेले आणि २०११ च्या आरंभी यात्रा राफाच्या नाक्याने गाझात शिरली. इजिप्तने वाट ठरवून दिली होती, ती पाळली गेली. माल पोहोचला, आणि ज्यांना तो मिळाला त्यांच्या दृष्टीने ते पुरेसे होते. पण या यात्रेने कुठलीही यादी बदलली नाही, कारण तिने नाकेबंदीला प्रश्नच विचारला नव्हता. ती नाकेबंदीला वळसा घालून गेली. दोन्ही कामे करावीत अशीच आहेत. फक्त दोघांचे मोजमाप एका तराजूत करू नये.

यावर पहिला आणि सर्वांत भक्कम आक्षेप कायद्याचा आहे. नाकेबंदी सर्वांना सारखी लागू झाली तरच ती वैध. मग एका सज्जन बोटीला सोडले तर उद्या दुर्जन बोटीला कोणत्या तोंडाने अडवणार? आणि दुर्जन बोटी कल्पनेतल्या नाहीत. जानेवारी २००२ मध्ये ‘करीन ए’ हे जहाज तांबड्या समुद्रात पकडले गेले तेव्हा त्यात सुमारे पन्नास टन शस्त्रे सापडली होती. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या पामर समितीने हीच बाजू धरून आरमारी नाकेबंदी वैध ठरवली, मात्र वापरलेले बळ अतिरेकी होते असेही म्हटले. त्याआधी २०१० मध्ये मानवाधिकार परिषदेच्या शोधपथकाने नाकेबंदीच अवैध ठरवली होती. कायदेपंडितांत एकमत नाही, म्हणून आपण एकाची बाजू घेऊन मोकळे होऊ नये. पण आक्षेपातच उत्तर दडलेले आहे. शस्त्रांची भीती तपासणी मागते, बंदी मागत नाही. येमेनच्या होदेदा आणि शेजारच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजांसाठी संयुक्त राष्ट्रांनी मे २०१६ पासून जिबूतीत तपासणी यंत्रणा चालवली आहे. तिच्यात उणिवा आहेत. तरी शस्त्रबंदी आणि धान्य एकाच समुद्रात नांदू शकतात एवढे ती सिद्ध करते. गाझाबाबतही मार्च २०२४ मध्ये ‘ओपन आर्म्स’ हे जहाज सायप्रसमध्ये तपासणी होऊन सुमारे दोनशे टन अन्न घेऊन पोहोचले होते. म्हणजे तपासणी करून सोडण्याची व्यवस्था शक्य आहे. ती शक्य असताना नसते, तेव्हा अडवणाऱ्याचे कारण शस्त्रांपलीकडचे आहे असे मानावे लागते. बोट हेच उघड करते.

दुसरा आक्षेप असा, की हे मदतकार्य नाही, राजकारण आहे. खऱ्या सेवकाने पक्ष घेऊ नये. याला रेडक्रॉसच्या परंपरेचा आधार आहे आणि तो हलका नाही. तटस्थ राहिल्यामुळेच रेडक्रॉसला तुरुंगांत आणि रणांगणांत दोन्ही बाजू प्रवेश देतात. पण सगळ्यांनीच तटस्थ राहावे असे त्यावरून ठरत नाही. नायजेरियातल्या बिआफ्राच्या युद्धात काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना तिथले हाल पाहून गप्प बसणे असह्य झाले, आणि १९७१ मध्ये ‘सीमारहित डॉक्टर’ ही संस्था उभी राहिली ती उपचाराबरोबर साक्षही दिली पाहिजे या आग्रहातून. याचे उदाहरण भिलाईच्या लोकांना जिनिव्हा-पॅरिसमध्ये शोधावे लागत नाही. ज्या दल्ली-राजहराच्या खनिजावर हा कारखाना चालतो, तिथल्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेतून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभारले. नाव १९७७ च्या पोलीस गोळीबारात मेलेल्या कामगारांचे, पैसा आणि श्रम कामगारांचे, आणि चळवळीचे राजकारण अजिबात न लपवलेले. म्हणून तिथे लावलेला टाका कच्चा ठरला नाही. कोटणीसही अखेरच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षात सामील झाले होते. मदत करणाऱ्याला मत असू नये हा निकष चुकीचा आहे. गरजवंताला मत विचारून मदत दिली जाते का, आणि सामान कोणालाही उघडून पाहता येते का, हे निकष बरोबर आहेत. त्यांना न उतरणारी बोट असेल तर तिला मदतीची बोट म्हणू नये.

तिसरा आक्षेप मला अधिक बोचतो: जग हलले ते मालाने नाही आणि प्रश्नानेही नाही, ते नऊ प्रेतांनी हलले, मग तुम्ही रक्ताची अपेक्षा करत बोटी पाठवता का? ‘मावी मारमारा’वर काही प्रवाशांनी सळया आणि काठ्यांनी कमांडोंवर हल्ला केला, हे पामर समितीने नोंदवले आहे. त्या क्षणी झडती घेणाराच झडतीचा विषय बनला, आणि वाद नाकेबंदीवरून काठ्यांवर घसरला. मे १९३० मध्ये धारासण्याच्या मिठागरांपुढे सत्याग्रही लाठ्या खात राहिले आणि हात वर केला नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले. पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी त्यांतले वीसहून अधिक जण मारले गेले, तरी पोर्तुगालला ‘आम्ही स्वसंरक्षण केले’ असे पटवता आले नाही. शिस्त हा या मार्गाचा दागिना नसून त्याचे इंजिन आहे. २०२५ मध्ये गाझाकडे निघालेल्या ‘सुमूद’ ताफ्याने ती पाळली. चाळीसहून अधिक बोटी आणि साडेचारशेच्या वर माणसे ऑक्टोबरच्या पहिल्या तीन दिवसांत अडवली गेली. प्रवाशांनी प्रतिकार केला नाही आणि कोणी मेले नाही. तरी ३ ऑक्टोबरला इटलीत कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप केला आणि रस्ते, बंदरे, रेल्वेस्थानके भरून गेली. बोटींना वाटेत सोबत करायला निघालेल्या इटलीच्या युद्धनौकेने ठरलेल्या रेषेवर थांबून पुढे येण्यास नकार दिला होता. सरकारे जिथे थांबली तिथून पुढे माणसे गेली, आणि रक्त न सांडता प्रश्न पोहोचला. त्यानंतरच्या आठवड्यातल्या युद्धविरामाचे श्रेय बोटींना देणे मात्र अप्रामाणिक ठरेल. त्याची कारणे वेगळी आणि मोठी होती.

याच प्रामाणिकपणाने आपल्याकडेही पाहिले पाहिजे, कारण नाकेबंदी करणाऱ्यांत भारतही होता. १९५४ पासून भारताने गोव्यावर आर्थिक निर्बंध लादले. पुढे रेल्वे तुटली, व्यापार थांबला, घरी पैसे पाठवणे अवघड झाले. मुंबईत काम करणाऱ्या गोवेकरांच्या घरांना त्याची झळ बसली. तरी गोवा उपाशी राहिला नाही, कारण मार्मागोव्याचे बंदर उघडे होते. तांदूळ आणि भाजीपाला समुद्राने येत राहिला आणि लोहखनिजाची निर्यात उलट वाढली. पोर्तुगालवर दबाव आणण्यासाठी हे निर्बंध निष्फळ ठरले, पण आपल्या विषयाला त्यातून महत्त्वाची गोष्ट कळते. सीमा बंद करणे आणि कोंडणे यांत फरक समुद्राचा असतो. समुद्र उघडा असतो तोवर लोक गरिबीत ढकलले जातात. समुद्रही मिटला की ते दुसऱ्याच्या मर्जीवर जगतात. गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह करणाऱ्या समाजाला गाझाच्या किनाऱ्याचा प्रश्न परका वाटू नये, आणि गोव्यावर निर्बंध लादणाऱ्या राज्याने तो प्रश्न इतरांना विचारताना आपलाही इतिहास डोळ्यांआड करू नये.

शेवटी या मार्गाची मर्यादा. झडती घेणाऱ्याला निदान ऐकणारा हवा. श्रीलंकेच्या तमिळ नागरिकांसाठी युरोपातून निघालेले ‘कॅप्टन अली’ हे जहाज २००९ च्या जूनमध्ये आठशेहून अधिक टन सामान घेऊन आले आणि श्रीलंकेच्या आरमाराने ते परत पाठवले. युद्ध काही आठवड्यांपूर्वीच संपले होते, लाखो लोक छावण्यांत होते, गरज खरी होती. सामान अखेर चेन्नईला उतरले. कोणत्याही राजधानीत मोठा संप झाला नाही, कोणती यादी बदलली नाही, कारण पाहणारे डोळे दुसरीकडे वळले होते. म्हणून बोट हे जादूचे साधन नाही. ती बंदरातून सुटते तेव्हा किनाऱ्यावर थांबलेल्यांचे काम सुरू होते: अडवणाऱ्याने दिलेले कारण वाचणे, ते मागच्या कारणाशी ताडून पाहणे, आणि आपल्या सरकारला त्याबद्दल विचारणे. हे काम भिलाईसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरातूनही होते, आणि ते करताना बोट कोणत्या झेंड्याची, वेढा घालणारा मित्र की शत्रू, हे बाजूला ठेवावे लागते. बोटीतला माल तपासायला खुला होता का, तिच्यामागे सैन्य होते का, प्रवाशांनी हात आवरले का, आणि अडवणाऱ्याने तपासून पुढे पाठवण्याची वाट ठेवली होती का, एवढे चार प्रश्न पुरतात. पहिल्या तिन्हींची उत्तरे बोटीच्या बाजूने येऊनही चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर दोष बोटीचा नाही. अशा बोटींना कायमचे निकामी करण्याचा उपाय नाकेबंदी करणाऱ्याच्या हातात नेहमीच असतो: त्रयस्थांकडून तपासणी करून घ्यावी, अडवलेल्या वस्तूंची यादी कारणांसह जाहीर करावी आणि बाकीचे सोडावे. ज्या दिवशी तो हे करेल त्या दिवशी समुद्रात निघालेली शेवटची बोट खरोखरच केवळ प्रसिद्धीसाठी निघालेली ठरेल, आणि तिच्यावर हसायला टीकाकारांना पूर्ण मुभा असेल.